हनुवटीवरचे केस

शिल्पांच्या प्रदर्शनात शिरल्या शिरल्या एक राक्षसीण समोर आली. धड जुन्या लुगड्यांच्या गोधडीचं, चेहरा आणि नखं भाजलेल्या मातीची, आणि हनुवटीवर काळ्या लोकरीचे राठ केस. बाकीचे लोक तिची नखं बघत होते. माझा हात मात्र आपसूक स्वतःच्या हनुवटीवर गेला.

चाळिशी उलटल्यापासून माझ्या पर्समध्ये एक चिमटा असतो. सकाळी बाथरूमचं दार लावून मी हनुवटीवर उगवणारे केस उपटते. नवऱ्यालाही ठाऊक नाही. कुणाशी बोलताना उजेडाकडे पाठ करायची, हे तर इतकं अंगवळणी पडलंय की आता लक्षातही येत नाही.

शेजारी माझ्याच वयाच्या एक अनोळखी बाई उभ्या होत्या. त्यांचाही हात हनुवटीवर होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही हसू आलं.

"मला वाटायचं, मला एकटीलाच येतात," त्या हळूच म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हणाले.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतल्या राक्षसिणी अशाच केसाळ असायच्या. त्यांच्याही घरी एखादा आरसा असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. कदाचित त्यांनी एवढंच केलं असेल, की एके दिवशी उपटायचं सोडून दिलं.

परतताना बसमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी रिकामी होती. मी तिथंच बसले आणि ऊन सरळ हनुवटीवर येऊ दिलं.