हौसाक्काच्या छातीतली गाठ

तांदूळ निम्मे निवडून सूप बाजूला सारलं आणि शेजारच्या हौसाक्काला न्हाऊ घालायला गेले. नवरा प्लेगात गेला तेव्हापासून ती वेडी आहे. "छातीत कायतरी कुरतडतंय," म्हणून ती वर्षभर ओरडतेय. तिचा दीर बळवंता त्याला भूत म्हणतो. चोळी सोडली तर फुटलेली गाठ, घाण वास, वर अंगाऱ्याचा थर. माझ्या आईला अशीच गाठ होती, वैद्य कर्करोग म्हणाले होते.

"वैनी, येड्याचं काय खरं मानताय?" बळवंता पान चघळत हसला.

"का, येड्याला कातडं नसतंय व्हय? अंबाबाईच्या नावानं ही घाण झाकलीस!" त्याची शिसारीच आली.

"तुला दिसलं न्हवं?" आक्कानं विचारलं.

"दिसलं गं."

आता टांगा आणायला निघते, आक्काला दवाखान्यात न्यायचं आहे.