बारा चाळीसची सावली

गौसियाआपा माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. औशातल्या एका शाळेत त्या चौथीच्या बाई होत्या, आणि बाई बसून पगार खातात ही बातमी गावभर केली ती मीच. माझं शिलाईचं दुकान शाळेसमोर. विज्ञानाच्या तासाला आपा फळ्याला हात लावायच्या न्हाईत. भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरून आलेल्या छापील पुस्तिका वाटायच्या अन् खुर्चीत बसायच्या. पोरं आपापली वाचायची, प्रयोग करायची, मग शेवटच्या पानावरच्या उत्तराशी ताडून बघायची.

तिकडं लातूरच्या क्लासेसची हवा. पालकांना नोट्स पाहिजे होत्या. त्यांनी माझीच बातमी अर्जात लिहून वर धाडली. केंद्रप्रमुख हणमंतराव चौकशीला आले. पुस्तिका ठेवायच्या की गोळा करून परत पाठवायच्या, ते त्याच दिवशी ठरणार होतं. मी मशीन सोडून शेडच्या दारात उभा राहिलो. शेजारधर्म.

फेब्रुवारी होता, पुस्तिका सावलीची. साहेबांनी सृष्टी नावाच्या पोरीची वही उचलली. सगळ्यात लहान सावली कधी? तिनं लिहिलेलं बारा चाळीस. छापील उत्तर, बारा. बाकीच्यांनी आपली मापं खोडून बारा केलं होतं. साहेब म्हणाले, उत्तर छापून दिलंय तरी चुकतात, मग शिकवणार कोण?

आपा खुर्चीतून उठल्या.

"पोरीनं मोजलंय, सर. पावणेबारा झालेत, तुम्हीबी मोजा."

अंगणात शेडच्या कामातून उरलेला गज उभा रोवलेला होता. टेप कुणाकडं? माझ्या गळ्यात. आपांनी मलाच पुढं केलं. आता मी बोलण्यात कितीही टाके घालीन, पण मापात लबाडी केली तर गिऱ्हाईक राहत न्हाई. दर दहा मिनिटांनी वाकून आकडा सांगू लागलो. बारा वाजले, सावली आखडतच होती. साहेब डोक्यावर रुमाल टाकून उभे, डब्याची वेळ टळलेली. मी म्हटलं, साहेब, ऊन लई हाय, बारा लिहून टाका.

"गप मोजा," साहेब म्हणाले.

बारा चाळीसला सावली सगळ्यात आखूड भरली. एक वाजता पुन्हा बोटभर लांब. घड्याळ साऱ्या देशाचं एक, पण औसा पश्चिमेकडं, म्हणून इथं सूर्य उशिरा माथ्यावर येतो, फेब्रुवारीत तर आणखीच उशिरा, हे आपांनी मग मला समजावलं.

साहेबांनी शेरा लिहिला : पुस्तिका चालू ठेवाव्यात. छापील बारा पोरांनी आपल्या हातानं खोडलं.

आपा त्यानंतरही बसूनच असायच्या. माझी टेप मात्र शाळेतच राहिली.