आठव्या चौथऱ्याचं घड्याळ

नाट्यगृहात तिला सगळे भिंगरीबाई म्हणायचे. पायाला भिंगरी लागलेली बाई, म्हणून भिंगरीबाई. एका जागी बसायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. चहाचा कप एका टेबलावर, बशी दुसऱ्यावर आणि बाई तिसरीकडेच. नवरा म्हणायचा, "हिच्याशी बोलायचं तर बरोबरीनं चालावं लागतं." खोटं नव्हतं ते.

आणि काम बघा कसलं मिळालं होतं, तर सगळ्यांना एका ठेक्यात ठेवायचं. रंगमंचात आठ चौथरे बसवलेले होते. तळघरातल्या मोटरी त्यांना वर उचलायच्या, खाली आणायच्या. प्रत्येक मोटरीशेजारी एक पेटी. हुकूम पहिल्या पेटीत शिरायचा, पहिली दुसरीला सांगायची, दुसरी तिसरीला, असा वायरीवायरीनं तो आठवीपर्यंत पोचायचा. आता ऐकल्याबरोबर जी ती धावत सुटली, तर पहिली आधी आणि आठवी सगळ्यांच्या मागून. नुसता सावळागोंधळ. म्हणून हुकुमाबरोबर वेळही बांधून दिलेली असायची: अमक्या टिकटिकीला अमकी उंची. टिकटिक कुणाची, तर पहिल्या पेटीतल्या घड्याळाची. बाकीच्या सातजणींनी आपलं घड्याळ सारखं तिच्याशी जुळवत राहायचं. प्रत्येक पेटीवर एक बटण होतं. डावीकडे केलं की पहिल्या पेटीचं घड्याळ, उजवीकडे केलं की पेटीचं स्वतःचं. उजवीकडे करायचं ते एकटी मोटर चालवून बघण्यापुरतं, आणि लगेच परत डावीकडे.

एकेका चौथऱ्यावर एकेक पोरगी नाचायची. आठव्यावर भिंगरीबाईची लेक.

लेकीचा हा पहिला मोठा प्रयोग. शेवटी चौथरे लाटेसारखे वरखाली होत असताना तिनं पहिल्यावरून उलट्या पावलांनी धावत आठव्यावर यायचं, मागे वळून न बघता. आठवा वेळेवर वर आला तर पाय टेकणार. नाही आला तर खाली लोखंडी खड्डा. "हे नाच बसवणाऱ्या मास्तरांच्या डोक्यात आलं तरी कुठून," असं बाई घरी रोज विचारायची. लेकीचं उत्तर ठरलेलं. "आई, वरचं मी बघते, तू खालचं बघ. आणि एवढ्या-तेवढ्यावरून प्रयोग थांबवू नकोस हं. मास्तर मला परत उभं करायचे नाहीत."

प्रयोग दुपारचा होता. प्रेक्षागृह भरलेलं. तळघरात भिंगरीबाई टेबलापाशी उभी होती, खुर्ची शेजारी उगाचच ठेवलेली. समोर आठ हिरवे दिवे. दिवा हिरवा म्हणजे हुकूम पोचला. आठही हिरवे होते, पण बाईचा कान मोटरींकडे होता. पहिल्या नाचाला मोटरी एकदम थांबल्या, एकच धप्प. तिसऱ्या नाचाला त्या धप्पला शेपूट फुटल्यासारखं वाटलं. तिनं स्वतःलाच झापलं, लेक वर आहे म्हणून कान वाजतायत. चार पावलं इकडे, चार तिकडे. पाचव्या नाचाला शेपूट नीट ऐकू आलं. सात मोटरी थांबल्या आणि मग एकटी एक थांबली.

ती पेट्यांच्या ओळीकडे धावली. आठवीचं बटण उजवीकडे होतं.

ते तिनंच केलं होतं. तालमीत जेवणाच्या सुट्टीत लेक म्हणायची, "आई, माझा एकटीचा चौथरा चालव ना, पावलं घट्ट करते." मग बाई बटण उजवीकडे करायची, लेकीचं झालं की डावीकडे. बाकी सात पोरींपैकी कुणासाठी तिनं हे केलं नव्हतं. कालही तसंच केलं, पण परत डावीकडे करायचं राहून गेलं होतं. आणि आज सकाळी तिनं सात पेट्या वाकून वाकून तपासल्या, आठवीपाशी मात्र वाकलीच नाही. आठवी तर आपलीच, रोज हाताखालची, तिला काय बघायचं! त्या घड्याळाचं मागे पडणं इतकं बारीक होतं, की एकेका नाचाच्या तालमीत कळलंही नसतं. इथे अख्खा प्रयोग ते साचत गेलं होतं.

बटण आत्ता फिरवावं, तर मागे पडलेला चौथरा भरपाई करायला हिसका देऊन उडाला असता. थांबवावं, तर लेकीचं तोंड कसं बघायचं? टेबलावरच्या, रंगमंच दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावर लेक पहिल्या चौथऱ्यावर चढली होती. तिनं हात वर केले, पाठ वळवली आणि धावायला लागली.

भिंगरीबाईनं लाल बटण दाबलं.

चौथरे जागच्या जागी थिजले. लेक चौथ्यावर धडपडली, सावरली आणि तशीच उभी राहिली. संगीत बंद पडलं. वर कुजबुज सुरू झाली, कुणीतरी हसलंही. मास्तर लोखंडी जिन्यावरून दणदण खाली आले.

"कुणी थांबवलं?"

"मी. आठवा बघा."

त्यांनी पडद्यात वाकून पाहिलं. आठवा असायला हवा त्यापेक्षा चांगला वीतभर खाली होता. तिनं बटण डावीकडे केलं, चौथरा सावकाश जागेवर आणला. शेवटचा नाच पुन्हा सुरू झाला. लेक उलटी धावली आणि तिचा पाय आठव्यावर टेकला. टाळ्या पडल्या, पण जेवढ्या पडायला हव्या होत्या तेवढ्या नाही.

रंग न पुसताच लेक खाली आली. डोळे लाल.

"मी होते म्हणून थांबवलंस ना? दुसरी कुणी असती तर?"

"तरी थांबवलं असतं," बाई म्हणाली. मग जरा थांबून, "पण दुसरी कुणी असती तर बिघडलंच नसतं." आणि तिनं जेवणाच्या सुट्टीतलं, सकाळचं, सगळं सांगितलं.

लेक त्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"आई," ती म्हणाली, "उद्यापासून माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. मला सगळ्यांबरोबर ठेव."

"बरं," भिंगरीबाई म्हणाली. मग तिच्यानं एका जागी उभं राहवेना. ती तडक आठव्या पेटीकडे निघाली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि परत फिरून, सगळ्या ओळीनं तपासायला, पहिल्या पेटीपाशी जाऊन वाकली.