मौसीला काढू नका

आमच्या तळवड्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढतात तिथं, कामाच्या वेळी मोबाईल जवळ ठेवू देत नाहीत. गेटवर एक लाकडी खोकं आहे, आत जाताना त्यात फोन ठेवायचा आणि सुट्टी झाली की उचलायचा. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटली, मी फोन काढला तर मिस कॉलची रांग लागलेली. माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, मनात आलं की जाऊन येण्यासारखं नाही. त्यामुळं असे कॉल दिसले की पहिला विचार तोच येतो... आईला तर काही झालं नसेल? नाव बघितलं तर विशालचं होतं, माझ्या रूममेटचं. गावाकडचा फोन नाही, आई बरी आहे, म्हणून आधी हायसं वाटलं. मग मी फोन लावला. तिकडून विशाल म्हणाला, "गजा, मावशी गेल्या रे." कणीक मळता मळता परातीजवळच आडव्या झाल्या होत्या. शेजारच्यांनी रिक्षात घातलं, पण दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. क्षणभर वाटलेलं ते हायसं मी अजून विसरलेलो नाही.

मावशी म्हणजे हिराबाई. तळवड्यातल्याच, जुन्या घरच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. घराला लागून पत्र्याची एक लांबट खोली होती, तिथं आमच्यासारख्या कंपनीतल्या पोरांसाठी त्या खानावळ चालवायच्या. वडील शेडवरून पडून कमरेतून अधू झाले तेव्हा मी नववीत होतो. शाळा तिथंच सुटली. पुढं वय बसल्यावर गावातल्या एकाच्या ओळखीनं इकडं हेल्पर म्हणून लागलो. पहिले दोन दिवस मी मावशींच्या खोलीत भिंतीला चिकटून बसायचो आणि दोन चपात्या खाऊन उठायचो, पुढची मागायला तोंडच उघडायचं नाही. मावशींनी ते दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मला विचारणंच बंद केलं. मागून यायच्या आणि ताटात चपाती टाकून पुढं जायच्या. विशाल म्हणाला, "मावशी, आम्हाला विचारता, याला का नाही?" तर म्हणाल्या, "ह्येला इचारलं की ह्यो न्हाई म्हनतो. न्हाई म्हननाऱ्याला इचारायचं नसतं." आईचा फोन आला आणि ती "जेवलास का रे बाबू" म्हणाली की कधीकधी मावशीच माझ्या हातातून फोन घ्यायच्या. "जेवला व्हय, चार खाल्ल्या. तुमी नका काळजी करू." त्या दोघी एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत.

खोलीत टीव्हीच्या वर शाळेच्या गणवेशातल्या एका मुलाचा फोटो होता. तो संदीप, मावशींच्या दिराचा मुलगा. त्याची आई सारखी आजारी असायची, म्हणून अगदी लहानपणापासून सातवीपर्यंत तो मावशींकडेच वाढला. पुढं आई बरी झाली, आईवडिलांनी त्याला परत नेलं. आता हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे. दिवाळीला यायचा, साडी द्यायचा, बाहेर गाडी चालू ठेवूनच चहा प्यायचा. मावशींनी त्याच्याबद्दल वाकडा शब्द कधी काढला नाही. फक्त एकदा, त्याच्या लग्नाहून आल्यावर म्हणाल्या होत्या, "समद्यांची वळख करून दिली त्यानं. माजी करायची ऱ्हायली. गर्दी लई व्हती ना." आणि लसूण सोलायला बसल्या.

आता सिनेमाचं सांगतो. रविवारी दुपारी मावशींकडं चिकन असायचं आणि संध्याकाळी सुट्टी. त्यामुळं दुपारचं जेवून कोणी उठायचं नाही, टीव्हीवर सिनेमा लागायचा. विशाल 'लोहपंख'चा पक्का फॅन. लोहपंख म्हणजे भंगाराच्या वखारीत स्वतःच्या हातानं लोखंडाचे पंख बनवणारा हिरो, विलायती सिनेमा, हिंदीत डब केलेला, त्याचे चार भाग. मावशी सुरुवातीला हसायच्या. "ह्ये पत्र्याचं पाखरू कोन रं? येवढं उडतं, ह्येला कावळं टोचत न्हाईत?" पण एका रविवारी तांदूळ निवडता निवडता त्यांचे हात थांबले. पडद्यावर रोझा मौसी आली होती. लोहपंखचे आईबाप लहानपणीच आगीत गेलेले असतात, त्याला वाढवते ती ही पाव भाजणारी रोझा मौसी. प्रत्येक भागाच्या शेवटी तो जग वाचवून तिच्याकडं येतो आणि ती म्हणते, पहले खाना खा ले. मावशी म्हणाल्या, "बग, समदे टाळ्या वाजिवत्यात. जेवला का म्हनून हिनंच इचारलं." त्या दिवसापासून मावशी 'लोहपंख'च्या नाही, रोझा मौसीच्या फॅन झाल्या. चारही भाग किती वेळा बघितले असतील त्याला गणती नाही. मौसी आली की कुकरची शिट्टी सुद्धा त्यांना ऐकू जायची नाही.

मग ती बातमी आली. 'लोहपंख' पहिल्यापासून नव्यानं काढणार. नवा हिरो, नवा सूट, सगळंच नवं. खानावळीत भांडणं पेटली. विशालनं तर जेवण सोडून दिलं. "काळा सूट? लाल काढून काळा? राव, हा लोहपंख आहे की पावसाळी छत्री?" आमच्यातला प्रमोद कोकणातला, सीएनसी मशीनवर काम करतो, त्याला विशालला डिवचायला फार आवडतं. तो म्हणाला, "तुझा जुना हिरो म्हातारा झालाय. पळायला लागला की गुडघे वाजतात, डब करणाऱ्याला त्यांचा पण आवाज काढायला लागतो." मी मधे पडलो. म्हटलं, आपल्या कंपन्यांत मॉडेल बदलत नाही का? नवी गाडी आली की जुनी लाईन बंद, तसंच समजा. मावशी वाढता वाढता म्हणाल्या, "आन् ज्येच्याकडं जुनी गाडी हाय त्येनं काय करायचं?" मी म्हटलं, "तिचे पार्ट बनत राहतात मावशी. मीच बनवतो, बंद झालेल्या टेम्पोचे ब्रॅकेट." त्यांना ते पटलं. मग त्यांनी सहज विचारलं, "आता रोझा मौसी कोन हाय? तीच हाय ना?"

विशाल मोबाईलवर शोधत होता. म्हणाला, "मौसी नाहीये मावशी. यात त्याचे आईबाप जिवंत दाखवणार आहेत."

"आईबाप जिवंत ऱ्हायले त्ये ब्येसच झालं," मावशी म्हणाल्या. "पन हिनं येवढी वर्सं क्येलं, त्येचं काय?"

"ते झालंच नाही असं धरायचं. पहिल्यापासून गोष्ट ना."

"झालंच न्हाई?"

मावशींनी आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि आत गेल्या. प्रमोदसुद्धा मान खाली घालून भात कालवत राहिला. सुटाचं भांडण तिथंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. "गजा, ज्ये सिनेमा काडत्यात त्येंना सांगता येतं का?" मी म्हटलं, त्यांच्या व्हिडिओखाली लिहिता येतं, पण वाचतात की नाही कोणास ठाऊक. "तू ल्ही तर," म्हणाल्या. मला लिहायचं म्हटलं की घाम फुटतो, अजून फुटतोय. तरी त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: 'आमच्या मावशी म्हणतात, आईबापाला जिवंत ठेवा, चांगलं आहे. पण मौसीला काढू नका. तिला शेजारीण करा, पाववाली करा, पण असू द्या.' खाली हजारो लोक सुटासाठी, पंखासाठी, जुन्या हिरोसाठी भांडत होते. आमच्या कमेंटवर हसणारे चेहरे आले. एकानं लिहिलं, 'आंटी, पोळ्या लाटा.' ते वाचून विशाल असा पेटला की काळा सूट विसरला. दोन दिवस त्या माणसाशी भांडत होता, 'आमच्या मावशीला बोलायचं काम नाही.' मावशी म्हणाल्या, "आरं, खोटं काय बोलला त्यो? लाटतेच की मी." मग कोण्या मुलीनं लिहिलं की माझ्या आजीनंही हेच विचारलं. ते वाचून दाखवल्यावर मावशींचा चेहरा असा फुलला... "बग. मी येकटी न्हाई." सिनेमावाल्यांचं उत्तर आलं नाही. मावशी विचारायच्या आणि मी सांगायचो, अजून विचार करत असतील. शेवटच्या रविवारीही त्यांनी विचारलं होतं.

त्यांना अग्नी संदीपनं दिला. आम्ही सगळी पोरं मागं उभी होतो. पाहुण्यांतल्या कोणीतरी विचारलं, ही पोरं कोण? दुसरा म्हणाला, खानावळीची गिऱ्हाइकं. खोटं काय होतं त्यात? तरी प्रमोद, जो कधी कशाला मनावर घेत नाही, तो तिथून बाजूला जाऊन उभा राहिला. माझ्याही मनात तेच आलं, की आता हे असंच होणार. नावाचं नातं नाही, तर झालंच नाही असं धरतील.

तेराव्यानंतर संदीपदादांनी खानावळ आवरायला आम्हाला बोलावलं. भांडी काढता काढता ते टीव्हीवरच्या फोटोपाशी थांबले. "सातवीपर्यंत मी इथंच होतो," म्हणाले. मी म्हटलं, "माहितीये दादा."

"काकूनं सांगितलं?"

"रोज सांगायच्या. तुम्ही भेंडीतल्या बिया काढून ताटाच्या कडेनं लावायचात. आणि झोपताना त्यांच्या पदराची गाठ मुठीत धरून ठेवायचात, पहाटे सोडवली की जागे व्हायचात."

ते हसले. मग जिथं आम्ही जेवायला बसायचो तिथं भिंतीला टेकून, दोन्ही हातांत तोंड धरून खाली बसले. त्या दिवशी बाहेर गाडी चालू नव्हती. विशालनं त्यांना पाणी दिलं. आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "माझं लेकरू सांभाळलं रे तिनं. मी एकदा तिच्या हातचं खायला यायला पायजे होतं."

आता मी पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या खानावळीत जेवतो. तिथल्या वहिनी बऱ्या आहेत, घाईत असतात. परवा जेवण झालं आणि मी माझं ताट धुऊन, पुसून, कट्ट्यावर पालथं घातलं. मावशींकडं ज्याचं ताट त्यानं धुवायचं, मागून दुसऱ्या शिफ्टचा माणूस दमून येतो म्हणायच्या. हात आपोआप गेले. वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "अहो भाऊ, राहू द्या, बाई येते भांड्याला." आणि मग हसून, "आईनं चांगलं वळण लावलंय."

मी हो म्हणून निघणारच होतो. सोपं होतं ते. आईलाही वाईट वाटलं नसतं.

म्हटलं, "आईनं नाही वहिनी. मावशीनं."

"कोण मावशी?"

सेकंड शिफ्टला अजून वेळ होता. वहिनी शेगडी पुसत होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन परत खाली बसलो आणि म्हणालो, "पहिल्यापासून सांगावं लागेल."