वेगळी खुंटी

आज साखर तपासायला लॅबमध्ये गेले होते. शेजारच्या खुर्चीवर एक गरोदर मुलगी बसली होती. लॅबमधल्या बाई तिला हळू आवाजात सांगत होत्या, “अगं, गरोदरपणात गुप्तरोगाची पहिली चाचणी कधीकधी खोटीच पॉझिटिव्ह येते. दुसरी येईपर्यंत घरी बोलू नकोस.”

“ह्यांनी आधीच वाचलाय रिपोर्ट,” ती म्हणाली. नवरा चार खुर्च्या सोडून बसला होता.

बाळांनो, तुमचे बाबा पोटात असताना माझाही रिपोर्ट असाच आला होता. तुमचे आजोबा रागावले नाहीत, त्यांनी काही विचारलंही नाही. फक्त न्हाणीघरात एक नवी खुंटी ठोकली आणि माझा टॉवेल तिच्यावर टांगला. आठ दिवसांनी दुसरा रिपोर्ट चांगला आला. “चला, काही नव्हतंच,” म्हणत त्यांनी टॉवेल पुन्हा आपल्या टॉवेलशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी मीच तो परत वेगळ्या खुंटीवर नेला.

रक्ताची दुसरी चाचणी होते. त्या आठ दिवसांची कुठे होते, ते मला अजून कळलेलं नाही. आजोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सुट्टीत आलात की तुम्ही विचारता, “आजी, तुझा टॉवेल एकटाच का?” तिथे ऊन येतं, असं मी सांगते. तिथे ऊन येत नाही.

लॅबमधून निघताना मी त्या मुलीच्या नवऱ्याला म्हटलं, “अरे, इथे माझ्या खुर्चीवर बस.” तो लगेच उठून आला. पण तोवर तिने खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती.