चुंबक न धरणारं दार

गेल्या मार्चमध्ये वडिलांनी गाड्यांच्या दारांना नवा पत्रा चढवण्याचं काम थांबवलं. महाडला एसटी स्थानकामागे त्यांचं दुकान होतं. शेवटचं दार पोलादपूरच्या एका जीपचं, ड्रायव्हरच्या बाजूचं.

हे काम महाडमध्ये कमी पडत नाही. सावित्रीचं पाणी गावात शिरलं की दाराच्या पोकळीत गाळ बसतो, पाणी निथळायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. वरचा रंग बरेच दिवस शाबूत दिसतो. वडील दार उतरवून जुन्या गोधडीवर आडवं ठेवत, कडेची दुमड घासून बाहेरचा पत्रा सोडवत, आतला सांगाडा साफ करत. नवा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून त्याला जुन्या दाराचा फुगवटा आणत. तो बरोबर आला की नाही, हे ते डोळ्यांनी ठरवत नसत. पत्र्यावर मलमलचं फडकं टाकून, डोळे मिटून तळवा फिरवत. केसाएवढा उंचवटा हाताला लागे. लांबी, म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायचा लगदा, ते नखापेक्षा जाड भरू देत नसत. "लांबीचं दार पाहिजे तर कुंभाराकडे जा," असं गिऱ्हाइकाला सांगत.

लांबी आणि रंगाचं काम शेजारच्या गाळ्यातले रंगारी भाई करत. ते दासगावचे, वडिलांच्याच वयाचे. पत्र्यावरून फिरणारा हात बघून ते म्हणत, "दादा, एवढा हात घरच्या माणसाच्या पाठीवर फिरवलास तर रोज मटण मिळेल."

"तू रंग घोट, भाई," वडील डोळे न उघडता म्हणत.

जीपवाला फेब्रुवारीत आला. नवा पत्रा चढवलेलं दार त्यानं दिवाळीत नेलं होतं. आता हँडलखाली रंगाला तडा गेला होता. हातात जुन्या स्पीकरचं चुंबक होतं. आमच्याकडे जुनी गाडी बघायला जाणारे ते बरोबर नेतात. पत्र्याला ते चिकटतं, जाड लांबीवर टिकत नाही. त्यानं ते तड्याशेजारी लावलं. ते खाली पडलं.

"मिस्त्री, हा पत्रा हाय का भिंत?"

वडिलांनी चुंबक उचलून स्वतः लावलं. पुन्हा पडलं. मग त्यांनी ग्राइंडर घेतला. राखाडी भुकटी उडत राहिली. पत्रा लागला तेव्हा त्यात बशीएवढा खोलगटपणा दिसला. वडिलांनी त्यावर फडकं टाकलं, डोळे मिटले. तळवा खड्ड्यावरून गेला, परत आला. कुठेच थांबला नाही.

रंगारी आपल्या गाळ्याच्या तोंडाशी उभे होते.

"भाई, कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून."

"आणि तू लांबी भरत राहिलास."

"सांगितलं असतं तर तू हातोडी खाली ठेवली असतीस."

"ते तू ठरवणार?"

जीपवाला म्हणाला, "तुमचं भांडण मागाहून करा रे. माझी गाडी उभी हाय."

"दार ठेवून जा," वडील म्हणाले. "पत्र्याचंच देतो."

हातोडीच्या हादऱ्यांनी बोटांच्या नसा गेल्याचं बिरवाडीच्या डॉक्टरांनी सांगितलं. बधिरपणा कमी होईल अशी आशा त्यांनी दाखवली नाही.

वडिलांनी आधी एकट्यानं प्रयत्न केला. एक पत्रा वाया गेला. दुसरा चढवताना रंगारी न बोलावता आले. त्यांनी डिझेलच्या बोळ्यानं पत्रा ओला केला आणि ट्यूबलाइट जवळ धरली. उजेडाची रेघ वाकली की तिथं खड्डा किंवा उंचवटा.

"जरा वर. नाय, तिथं नाय. हां, आता हळू."

वडील सांगतील तिथं ठोकत राहिले. कुठं ठोकायचं हे त्यांना दुसऱ्यानं सांगताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पत्र्यापलीकडचं दोघांत काही बोलणं झालं नाही.

दार न्यायला आला तेव्हा जीपवाल्यानं हँडलखाली चुंबक लावलं. ते चिकटून राहिलं.

"आता कसं! पावसाळ्यानंतर मागचं दार आणतो, मिस्त्री."

"मागचं दुसरीकडे बघ."

त्या दुपारी वडिलांनी हातोड्या तेलाच्या फडक्यात बांधून घरी आणल्या. दुकानाचं शटर तेव्हापासून बंद आहे. शेजारचा गाळा चालू आहे. वडील त्या गाळ्यात अजून गेलेले नाहीत.