मालनमावशींची फिल्म

मालनमावशी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून शूटिंग करायच्या आणि स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ऐकत राहायच्या. त्यामुळे कधी माणसाचं कपाळ कापलं जायचं, कधी अर्ध्याहून जास्त भिंतच दिसायची. मी शिरूरमध्ये लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. एकदा मी त्यांना हे दाखवलं, तर म्हणाल्या, "त्यो माझ्यासंगं बोलतोय, फोनसंगं न्हाई."

मावशी न्हावऱ्याच्या. त्यांचा एकुलता मुलगा संतोष पाटसला कामाला होता. हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मला वाटलं, फोटोंना गाणं लावून हवं असेल. तसं मी पुष्कळांना करून देते. मावशींना मात्र संतोषला ओळखणाऱ्यांना बोलतं करायचं होतं आणि ते जोडून छोटी फिल्म करायची होती. घरात त्याचं नाव निघणंच बंद झालंय, असं त्या म्हणाल्या. आबा, म्हणजे त्यांचे मालक, मुलाविषयी चकार शब्द काढत नव्हते. कुणी विषय काढला की उठून गोठ्यात जायचे.

पहिल्या शूटिंगला मी सोबत गेले होते. संतोषचा मित्र ताठ बसला आणि म्हणाला, आमचा संतोष म्हणजे लाखात एक माणूस. मावशींनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"ते बॅनरवर लिहून झालं, बाबा. तुमची भांडणं कशावरनं व्हायची ते सांग."

मित्र गोंधळला. मग हळूहळू सांगू लागला, की संतोष त्याची गाडी मागून न्यायचा, पेट्रोल संपवून आणून लावायचा आणि वर टाकी गळते म्हणायचा. सांगताना त्याला हसू आलं आणि हसता हसताच तो रडायला लागला. मावशी जागच्या हलल्या नाहीत. परतताना मात्र त्या वाटेत उसाच्या बांधावर बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

आबांना एकदा तरी विचारा, असं मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "इचारलं तर उठून जात्याल. म्या नुसती जवळ बसते."

आणि धार काढायच्या वेळी त्या गोठ्यात फोन घेऊन बसू लागल्या. आबांच्या पाठीचे कितीतरी व्हिडिओ त्यांनी मला आणून दिले. एका व्हिडिओत आबा धार काढता काढता, मान न वळवता बोलले होते. "संतोष हिला डाव्या अंगानं पिळायचा. अजून बी ही उजवीकडं बसू देत न्हाई."

एवढंच. मी त्या बोलण्याखाली बासरीची धून घातली होती. मावशींनी ती काढायला लावली. दुधाची धार बादलीत पडते तो आवाज त्यांना स्वच्छ ऐकू यायला हवा होता.

फिल्म त्यांनी घराच्या भिंतीवर चादर बांधून गल्लीला दाखवली. आबा सगळ्यांत मागं उभे होते. गोठ्यातला तुकडा आला तेव्हा ते कुठंही गेले नाहीत.

गेल्या वर्षी मावशी हृदयविकारानं गेल्या. दिवस झाल्यावर आबा मावशींचा फोन घेऊन माझ्या दुकानात आले. यात ती कुठं दिसते का बघ, म्हणाले. मी सगळं धुंडाळलं. माणसं होती, गोठा होता, त्यांचा आवाजही होता. पण शूटिंग त्याच करायच्या, त्यामुळे चेहरा कुठंच नव्हता.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते म्हणाले, "तू धर फोन, पोरी. मी सांगतो."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

"तिचं नाव मालन," आबा म्हणाले. "जन्मभर नुसतं अगं म्हणून हाक मारली. नाव घ्यायची लाज वाटायची." फोन चालूच होता. मग घराबाहेरून कुणाला तरी बोलवावं तशी त्यांनी हाक मारली, "मालन."